पडक्या घराचे चित्र आणि जिवंत वारस

मेहकर तालुक्यातील डोणगाव येथे एका नवदीक्षित कुटुंबाच्या घरी नुकताच आमचा मुक्काम झाला. या कुटुंबाने धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या आणि त्या प्रतिज्ञांना स्मरून घरातील देव्हारा हलविला. ज्या भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या देवादिकांच्या तसबिरी टांगलेल्या होत्या, ती भिंत मोकळी झाली. तसबिरी उतरल्या, पण त्यांच्यामागचे फिकट चौकोन भिंतीवर तसेच राहिले. मधल्या मोठ्या चौकोनावर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा विराजमान झाली. शेजारच्या चौकोनावर यंदाच्या सोयाबीनच्या पैशातून एक मोठे चित्र आले. ते चित्र हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

चित्र हाताने रंगविलेले आहे. काढणारा तरुण पंचक्रोशीतलाच. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरील नावे, लग्नघराच्या भिंतीवरील वधू-वरांची अक्षरे रंगवून तो पोट भरीत असे. फ्लेक्सचे फलक आले आणि त्याचा धंदा बसला. आता तो जुन्या साहेबी चित्रांच्या नकला कापडावर तैलरंगांत करून देतो, आणि बौद्ध घरांतून त्याला ‘लेण्यांच्या सीनरी’ची मागणी बरी येते. या चित्रात वेरूळचा डोंगर आहे. कड्यात अर्धवट झाकलेली लेण्यांची तोंडे आहेत. वर रान माजले आहे. मावळतीचा पिवळा उजेड पडला आहे. आणि खाली कोपऱ्यात काठी टेकून एक मुंडासेवाला उभा आहे. त्याला नाक-डोळे नाहीत. लेण्याची उंची कळावी एवढ्यासाठीच तो तेथे आहे.

तरुणाचा हात चांगला आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने सांगतो. पण घरातल्या वृद्ध आजींनी ते चित्र पाहून जे विचारले, ते आमच्या मनातून जात नाही. त्या म्हणाल्या, “हे पडेल घर काहून टांगलं रे बापू?” नातवाने सांगितले, “आजी, हे आपल्या पूर्वजांचं हाय.” त्यावर आजी म्हणाल्या, “आपलं हाय, तं मंग त्याच्यात आपलं कोनी काहून दिसत नाही?” नातू हसला. आम्हांला मात्र हसता आले नाही. कारण एवढे नेमके दोन प्रश्न या चित्रांविषयी आम्ही कोणा पंडिताच्या तोंडून ऐकलेले नाहीत.

ही सीनरी कोणाची?

सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत चार्ल्स मॅलेट हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील पुण्याच्या दरबारी होता. त्याच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला. पुण्याचाच गंगाराम चिंतामण तांबट हा चित्रकारही मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटीत होता. वेल्स १७९५ साली मरण पावला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल याने लंडनमध्ये वेरूळच्या चोवीस चित्रांचा संच सिद्ध केला, आणि तो १८०३ साली प्रसिद्ध झाला. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, त्यावरून छाप काढायचे आणि छापांवर हाताने रंग चढवायचे, अशी त्या काळची रीत होती. तेव्हा डोणगावच्या भिंतीवरील चित्र हे नकलेच्या नकलेची नक्कल आहे: वेल्सच्या कागदावरून लंडनचा पत्रा, पत्र्यावरून छाप, छापावरून मोबाइलचा पडदा आणि पडद्यावरून कापड. एवढ्या प्रवासात रंग उतरले, रेषा हलल्या. पण एक गोष्ट तसूभरही बदलली नाही. ती म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टी.

ती दृष्टी कोणती होती? त्या काळच्या युरोपातील श्रीमंतांना पडक्या इमारतींचा मोठा षोक होता. रोमचे भग्नावशेष पाहण्यासाठी ते इटलीस जात, तेथील चित्रे विकत आणून दिवाणखान्यात लावीत, आणि इंग्लंडातील कित्येक जमीनदार तर आपल्या बागांत मुद्दाम नवी पडकी देवळे बांधवून घेत! पडकेपणा हाच त्यांच्या लेखी शोभेचा भाग होता. हाच षोक घेऊन त्यांचे चित्रकार हिंदुस्थानात आले. डोंगर, झाडोरा, सावल्या आणि ओसाडी यांच्या चौकटीत त्यांनी आमची लेणी बसविली. चित्र पाहणाऱ्या लंडनच्या गिऱ्हाइकाने म्हणावे, ‘अहाहा, केवढे वैभव होते आणि कसे लयाला गेले!’ आणि मग चहा प्यावा.

पण वेरूळचे दहावे लेणे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे, त्याने छातीवर हात ठेवून सांगावे, ते पडके आहे काय? अखंड कातळात कोरलेले ते चैत्यगृह आहे. छताच्या दगडी फासळ्या जागेवर आहेत, स्तूप जागेवर आहे, स्तूपासमोर पाय खाली सोडून बसलेले तथागत जागेवर आहेत. बाराव्या लेण्याचे तिन्ही मजले उभे आहेत. पुष्कळ मूर्ती झिजल्या, काही भंगल्या, रंग उडाले, हे खरे. परंतु ज्याला पडके घर म्हणतात तसे ते नाही. घर उभे आहे. घरातली माणसे नाहीशी झाली होती. चित्रकाराने माणसांचा अभाव रंगविला आणि जगाने त्याला घराचा नाश समजून घेतले.

नावांचा वाडा

त्या संचाचे नाव होते ‘हिंदूंची खोदकामे’. हिंदुस्थानात राहणारा तो हिंदू, असा त्या काळच्या साहेबांचा ढोबळ हिशेब होता, म्हणून एवढ्यावरून आम्ही त्यांच्याशी भांडत नाही. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी दक्षिण टोकाकडील पहिली बारा लेणी बौद्धांची आहेत, ही गोष्ट आज शाळेतील पोरही जाणते. भांडण आहे ते आतल्या नावांशी. मॅलेटने स्थानिक लोकांकडून ऐकून लेण्यांची जी नावे टिपली ती पाहा. तीन मजली विहार तो ‘तीन ताल’. त्याच्या शेजारचा विहार म्हणजे ‘भरत-शत्रुघ्न’! चैत्यगृह म्हणजे ‘विश्वकर्मा’! आणि टोकाला उरलेली लेणी? त्यांचे नाव ‘ढेडवाडा’!

वाचकहो, हा शब्द पुन्हा एकदा वाचा. ज्या शब्दाने आपल्या बापजाद्यांना हाक मारली गेली, तो शब्द तथागतांच्या विहारांना लावला गेला होता. पुढे फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० सालच्या लेण्यांवरील ग्रंथातही तो आला, आणि पाचव्या लेण्यास ‘महारवाडा’ हे नाव विद्वानांच्या लिखाणात चालत राहिले. हे पाचवे लेणे कसे आहे? शंभर फुटांहून अधिक खोल असा एक दीर्घ मंडप. त्यात आरपार गेलेले, एकमेकांस समांतर असे दोन बुटके दगडी ओटे. भिक्षूंनी समोरासमोर ओळीने बसून पठण करावे वा एकत्र भोजन करावे, यासाठी ती रचना असावी असे अभ्यासक मानतात. ज्या ओट्यांवर जातगोत न विचारता पंगत बसत होती, त्याच ओट्यांना गावाने महारवाडा म्हटले! जेथे समता होती ती जागा वर्णव्यवस्थेच्या कल्पनेत गावकुसाबाहेरच जाणार, याहून बोलका पुरावा कोणता हवा?

आणि ही केवळ जुन्या कागदांची गोष्ट आहे असेही नाही. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह याच वेरूळची बौद्ध लेणी पाहण्याच्या बेताने निजामाच्या मुलखात आले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी प्रवासाची धूळ धुण्यासाठी मंडळींनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. तेव्हा एक वृद्ध मुसलमान त्याच शब्दाने शिवी देत, हौद बाटविला असा ओरडा करीत धावून आला. जमाव जमला. शेवटी पाण्याला स्पर्श करायचा नाही या अटीवर आणि सशस्त्र शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना किल्ला पाहू दिला गेला. हिंदूंना जो अस्पृश्य तो मुसलमानांनाही अस्पृश्य, असा धडा बाबासाहेबांनी आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात यावरून काढला आहे. विचार करा. या देशातील एक महान विद्वान आपल्याच वारशाच्या दाराशी निघाला होता. दाराशी लागलेले नाव आणि वाटेत मिळालेली शिवी एकच होती!

साहेबाच्या चित्रात ही शिवी दिसते काय? हौद दिसतो काय? पहारा दिसतो काय? तेथे फक्त मावळतीचा पिवळा उजेड दिसतो. म्हणून आम्ही म्हणतो की सीनरी ही निरुपद्रवी वस्तू नाही. ती काय दाखविते यापेक्षा ती काय झाकते हे पाहिले पाहिजे.

भिंती बोलतात ते ऐका

१८०३ साली साहेबाला एक सबब होती. लेण्यांच्या भिंतींवरील अक्षरे त्या वेळी कोणालाच वाचता येत नव्हती. पंडितांनाही नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीची किल्ली शोधली आणि भिंती बोलू लागल्या. त्या काय बोलल्या? वेरूळची बौद्ध लेणी साधारण सहाव्या ते आठव्या शतकांतली. दात्यांच्या लेखांची खरी रास आहे ती त्यांच्याआधी कित्येक शतके कोरलेल्या कार्ले, नाशिक, जुन्नर, कान्हेरी येथील लेण्यांत. तेथे राजे आहेत, श्रेष्ठी आहेत. पण त्यांच्या बरोबरीने कोण आहेत ते पाहा.

नाशिकच्या एका लेण्याचा दाता आहे मुगुदास नावाचा कोळी, मासे धरणारा. जुन्नरला दानाची ठेव ठेवली आहे ती बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडविणाऱ्यांच्या श्रेणीकडे. कार्ल्याला एक भिक्षुणी, जिची ओळख एका मुलाची आई म्हणून दिली आहे, दगडी वेदिका दान करते. नाशिकला क्षत्रपांचा जावई उषवदात दोन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे महिना शेकडा एक या दराने ठेवतो. त्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत अशी व्यवस्था करतो. हिशेब करून पाहा: वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, भिक्षू वीस, प्रत्येकी बारा. पै न्‌ पै जुळते. म्हणजे राजघराण्यातला माणूस आपली रक्कम विश्वासाने विणकरांच्या हाती देत होता, आणि विणकर ती सचोटीने वाढवीत होते. ज्यांच्या हाताला पुढच्या काळात विटाळ चिकटविला गेला, त्या कष्टकऱ्यांचे हात या भिंतींवर मानाने नोंदलेले आहेत. या दात्यांना आजच्या जातींची नावे चिकटविण्याचा मोह कोणी धरू नये. तो अडाणीपणा होईल. हे लोक हातांनी काम करणारे होते आणि त्यांचे दान संघाने राजाच्या दानाइतकेच आदराने कोरून ठेवले, एवढे पुरे आहे.

आणखी एक शब्द सांगतो आणि मग डोणगावच्या आजींकडे वळतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे प्रवेशद्वार धेनुकाकट येथील सामि नावाच्या सुताराने केले, असे तेथील लेख सांगतो. त्या लेखात चैत्यगृहाला कोणता शब्द आहे? ‘घर’. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागाचे दान वासिठीपुत कटहादि याने दिले. तेथे शब्द आहे ‘घरमुख’. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ही लेणी केली, ते त्यांना घर म्हणत होते. आणि डोणगावच्या आजी, ज्यांना ब्राह्मीचे एक अक्षर ठाऊक नाही, त्याही घरच म्हणाल्या. मधल्या काळात ‘अवशेष’ म्हणणारे जे आले, ते सगळे परके होते.

लेख म्हणजे या घराचे दस्तऐवज आहेत. कोणी दिले, कोणाला दिले, कशासाठी दिले, हे त्यांत लिहिलेले आहे. घराचे कागद पेटीत असताना घराच्या पडक्या चित्रापुढे कोणी उसासे टाकीत बसतो काय?

नकलेने मुळाचे काय केले

ज्या अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात ‘घरमुख’ हा शब्द आहे, त्याच लेण्याच्या खांबावर २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने चित्रावरच आपले नाव ओरखडले. शिकारीच्या निमित्ताने तो तेथे पोहोचला होता. आजूबाजूच्या गावकऱ्यांना ती लेणी अपरिचित नव्हती. परंतु ‘शोध’ मात्र त्याच्या नावावर लागला. कटहादिने दान देऊन नाव कोरले. स्मिथने काही न देता नाव कोरले.

मग नकलाकार आले. मद्रास लष्करातील मेजर रॉबर्ट गिल याने १८४० च्या दशकापासून वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या मोठ्या तैलनकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करविल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ साली लंडनला आगीतच गेल्या. आणि नकला स्पष्ट उतराव्यात म्हणून मूळ चित्रांवर जे रोगण चढविले गेले, ते पुढे काळवंडून मूळ चित्रेच झाकोळली. नकला परदेशी जळाल्या आणि मूळ येथे काळे पडले! गिल यांच्या चिकाटीला वा ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांच्या कष्टांना आम्ही नावे ठेवीत नाही. पण नकलेच्या प्रेमात मुळाची काळजी घेणारा कोणी उरला नाही की काय होते, याचा हा धडा आहे.

हा धडा आम्ही आमच्याच लोकांना अधिक कठोरपणे वाचून दाखवितो. लेण्यांच्या सहलीस जाऊन कातळावर आपले आणि मैत्रिणीचे नाव कोरणारी पोरे आमच्यातही आहेत. विहाराच्या भिंतीशी चूल मांडणारे आहेत. मूर्तीच्या पायाशी मेणबत्त्यांची काजळी धरविणारे आहेत. स्मिथमध्ये आणि यांच्यात फरक कोणता? एवढाच की, स्मिथला ते घर आपले नव्हते.

तीन आक्षेपांना उत्तर

पहिला आक्षेप सुशिक्षितांचा. ते म्हणतात, ‘चित्र ते चित्र, कलेला कशाला धर्म चिकटविता?’ आमचे उत्तर असे की, चिकटविणारे आम्ही नव्हे. बुद्धाच्या विहाराला भरत-शत्रुघ्नाचे नाव ज्यांनी दिले, त्यांनी आधी चिकटविले. आम्ही तो चिकटवलेला कागद सोलून काढीत आहोत. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीचा बौद्ध विहार आज गिरिजात्मज गणपती म्हणून अष्टविनायकांत गणला जातो. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी एकवीरेचे देऊळ आहे. आम्हांला कोणाची पूजा बंद पाडावयाची नाही. कातळावर जे लिहिले आहे ते सर्वांना वाचता यावे, एवढीच आमची मागणी आहे.

दुसरा आक्षेप आमच्यातल्या तापट तरुणांचा. ते म्हणतात, ‘मग ही साहेबी चित्रे जाळून टाका.’ हे आम्हांला मान्य नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली, कारण ती माणसाला माणूस मानीत नव्हती आणि तरीही समाज तिच्या आज्ञेत वागत होता. एका गरीब पेंटरची सीनरी कोणाला आज्ञा करीत नाही. ती अपुरी आहे. अपुऱ्याला पुरे करावे, जाळू नये.

तिसरा आक्षेप कृतज्ञांचा. ते म्हणतात, ‘साहेब आले नसते तर लेणी कळली नसती.’ प्रिन्सेपचे, बर्जेसचे, कनिंगहॅमचे ऋण आम्ही उघडपणे मानतो. पण ऋण मानायचे ते त्यांनी अक्षरे वाचली म्हणून. ओसाडी रंगविली म्हणून नव्हे. जे त्यांच्याकडून घ्यायचे ते सोडून आम्ही त्यांच्याकडून उसासे मात्र घेतले.

वारस कोण?

आता मुद्द्याचे बोलतो. अवशेष हा शब्द वरवर निरुपद्रवी दिसतो, पण त्याच्या पोटात एक निवाडा दडलेला आहे. अवशेष मेलेल्याचे असतात. ज्याला अवशेष म्हटले त्याला वारस नाही असे ठरले. आणि बेवारस मालमत्तेवर कोणीही हक्क सांगावा. बोधगयेचे महाविहार पाहा. १९४९ च्या कायद्याने त्याच्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू नेमले गेले. बौद्धांच्या सर्वांत पवित्र स्थानात बौद्धांना निम्मी जागा! हा न्याय जेथे जिवंत बौद्ध नाहीत असे गृहीत धरले जाते, तेथेच सुचू शकतो.

आम्ही जिवंत आहोत. १९५१ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मचक्र फिरले आणि १९६१ च्या शिरगणतीत ती सुमारे अठ्ठावीस लाख झाली. २०११ साली देशातील चौऱ्याऐंशी लाखांहून अधिक बौद्धांपैकी पासष्ट लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. आणि ही वाट फुकट चालून झालेली नाही. अनुसूचित जातींचे केंद्रीय हक्क बौद्धांना मिळावयास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे आमच्या लोकांनी सवलती गमावल्या, पण धम्म सोडला नाही. ज्यांनी एवढी किंमत मोजली, त्यांना कोणी पडक्या भिंतींचे प्रेक्षक समजू नये.

कोणी विचारील, ‘तुम्ही या लेण्यांचे वारस कशावरून? रक्ताचा पुरावा आणा.’ अस्पृश्यांचे पूर्वज बौद्ध होते असा सिद्धान्त बाबासाहेबांनी १९४८ साली आपल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात मांडला. विद्वानांनी त्यावर खुशाल चर्चा करावी. पण आमचा दावा त्याच्या निकालासाठी खोळंबलेला नाही. तथागतांच्या संघात वारसा रक्ताने चालत नव्हता. तो शील आणि स्वीकार यांनी चालत होता. ज्याने त्रिशरण घेतले, पंचशील घेतले, तो वारस. ज्या दिवशी डोणगावच्या त्या कुटुंबाने देव्हारा हलविला, त्याच दिवशी पाचव्या लेण्यातील ओट्यावर त्याची जागा मांडली गेली. ही जागा कोणाच्या सीनरीत नाही, म्हणून ती आपणच रंगवून घेतली पाहिजे.

आपण काय करावे

ज्या घरांत अशी चित्रे आहेत त्यांनी ती उतरवू नयेत. चित्राच्या खाली स्वच्छ अक्षरांत लेण्याचा क्रमांक आणि ‘बौद्ध विहार’ वा ‘चैत्यगृह’ असे लिहावे. ‘ढेडवाडा’, ‘भरत-शत्रुघ्न’ ही नावे आपल्या घराच्या भिंतीवर येऊ देऊ नयेत. चित्रापुढे उदबत्ती लावू नये; देव्हारा हलवून त्याच जागी दुसरा देव्हारा मांडणे ही दीक्षा नव्हे. मुलांना वर्षातून एकदा प्रत्यक्ष लेण्यांत न्यावे. अजिंठ्याचे डोंगर आपल्या बुलढाणा जिल्ह्याला लागूनच आहेत. एका दिवसात जाऊन येता येते. तेथे हात लावू नये, नाव कोरू नये, चूल पेटवू नये. भिंतीवरची अक्षरे मुलांना दाखवावी आणि मुगुदास, सामि, कटहादि ही नावे पाढ्यासारखी पाठ करून घ्यावी. गावोगावच्या विहारांत रविवारच्या वर्गाला ब्राह्मीची बाराखडी सुरू करावी. जी लिपी सुतार आणि विणकर आपली नावे नोंदवून घेण्यास वापरीत होते, ती त्यांच्या वारसांनी शिकू नये, हे लाजिरवाणे आहे.

आणि नवे चित्र काढवून घ्यायचे असेल तर माणसांचे काढवून घ्यावे. डोंगर तोच असू द्या, लेणे तेच असू द्या. पण दारावर सामि सुतार काम करताना दिसू द्या. ओट्यांवर ओळीने बसलेला संघ दिसू द्या. वेदिका दान करणारी ती आई दिसू द्या. यंत्राच्या छापाला हे जमत नाही; तो आहे तेच पुन्हा उमटवितो. हाताने काढलेल्या नकलेला मात्र ही सोय आहे की, हात थांबू शकतो, विचार करू शकतो आणि राहून गेलेले भरून काढू शकतो.

डोणगाव सोडण्यापूर्वी आम्ही त्या तरुण पेंटरला भेटलो आणि हे सारे त्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. ब्रश पुसता पुसता तो म्हणाला, “साहेब, मानसं काढाले दुप्पट दिवस लागते. चेहरे काढा लागते. लोक सीनरीच मागते. मानसं काढली तं घेईल कोन?”

या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नाही, आणि आमच्यापाशीही नाही. ज्यांच्या घरच्या भिंतीवर तो फिकट चौकोन अजून मोकळा आहे, त्यांनी ते द्यावयाचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!